नेमबाजी: रोज शंभर शॉट मारूनही स्कोअर का अडकून राहतो?

29 सप्टेंबर 2023. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होती आणि 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकाराची फायनल रंगात आली होती. मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पुण्यात बालेवाडीला सराव करणारा स्वप्नील कुसाळे बराच वेळ आघाडीवर होता. मग उभं राहून मारायच्या टप्प्यात त्याचा एक शॉट 7.6 वर गेला. स्वप्नील चौथा आला आणि वैयक्तिक पदक हुकलं.

दहा महिन्यांनी, 1 ऑगस्ट 2024 ला, त्याच प्रकारात त्याने पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीला पदक मिळवलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली.

या पदकानंतर पुण्यात अनेक घरांमध्ये नेमबाजीची चर्चा सुरू झाली. वारजे, कर्वेनगर, कोथरूड या पट्ट्यातून बालेवाडी फार लांब नाही. वारजे पुलावरून बायपासला लागलं की चांदणी चौक, बावधन, बाणेर करत पोहोचता येतं. क्लास लावला जातो, पिस्तूल किंवा रायफल हातात येते. पहिले काही महिने स्कोअर भराभर वाढतो आणि मग एका आकड्यावर अडकतो.

अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात. अजून शॉट मारायचे. शंभराचे दीडशे, दीडशेचे दोनशे. तरी स्कोअर जागचा हलत नाही. असं का होतं? आणि त्यातून बाहेर कसं पडायचं?

एका गुणाची किंमत किती?

आधी पॅरिसचेच आकडे पाहू. थ्री पोझिशन्स म्हणजे एकाच रायफलने तीन प्रकारे नेम धरायचा. आधी गुडघ्यावर बसून, म्हणजे नीलिंग. मग पोटावर झोपून, म्हणजे प्रोन. आणि शेवटी उभं राहून, म्हणजे स्टँडिंग. पात्रता फेरीत प्रत्येक पोझिशनमध्ये 20, असे एकूण 60 शॉट असतात. एका शॉटला जास्तीत जास्त 10 गुण, म्हणजे एकूण 600.

स्वप्नीलने नीलिंगमध्ये 198, प्रोनमध्ये 197 आणि स्टँडिंगमध्ये 195 गुण घेतले. एकूण 590, क्रमांक सातवा. फायनलला पहिले आठ जण जातात, त्यामुळे तो आत गेला. भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर 589 गुणांवर अकरावा राहिला आणि बाहेर पडला.

590 आणि 589. साठ शॉट्समध्ये फक्त एका गुणाचा फरक.

याच ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत सरबज्योत सिंगचे 577 गुण झाले. आठव्या क्रमांकावरच्या जर्मनीच्या रॉबिन वॉल्टरचेही 577 च होते. पण दहाच्या वर्तुळाच्या आत आणखी एक छोटं वर्तुळ असतं. त्यात वॉल्टरचे 17 शॉट होते आणि सरबज्योतचे 16. सरबज्योत नववा राहिला.

या पातळीवर सगळ्यांनाच दहा मारता येतो. फरक पडतो तो दहा न आलेल्या शॉट्समुळे. तुमचे चुकलेले शॉट किती आहेत, ते कुठे जातात आणि केव्हा जातात, यावर निकाल ठरतो.

ब्राँझच्या फायनलमध्ये गुण कुठे गेले?

फायनलमध्ये दशांश गुण मोजतात, म्हणजे एका शॉटला जास्तीत जास्त 10.9. स्वप्नीलची फायनल तीन भागांत अशी होती:

- नीलिंग: 15 शॉट, 153.3 गुण. सरासरी साधारण 10.22.
- प्रोन: 15 शॉट, 156.8 गुण. सरासरी साधारण 10.45.
- स्टँडिंग: 14 शॉट, 141.3 गुण. सरासरी साधारण 10.09.

एकूण 451.4. सुवर्ण जिंकणाऱ्या चीनच्या लिऊ युकुनचे 463.6 आणि रौप्य जिंकणाऱ्या युक्रेनच्या सेरही कुलिशचे 461.3 गुण झाले. तिथे तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू 44 व्या शॉटनंतर थांबला, त्यामुळे स्वप्नीलचा एक शॉट कमी आहे.

आता हेच आकडे प्रशिक्षकाच्या नजरेने बघा. पोटावर झोपलेलं असताना शरीर जमिनीला टेकलेलं असतं, कोपरांना आधार असतो. उभं राहिल्यावर सगळा भार दोन पायांवर येतो आणि रायफल शरीरासोबत हलते. त्यामुळे स्टँडिंग ही जवळपास सगळ्यांसाठीच अवघड पोझिशन आहे. प्रोन आणि स्टँडिंग यांच्या सरासरीत इथे प्रत्येक शॉटमागे 0.36 गुणांचा फरक आहे. म्हणजे सुधारणेला सर्वाधिक जागा कुठे आहे, हे स्कोअरबोर्डच सांगतो.

आणखी एक गोष्ट. पॅरिसमध्ये स्वप्नीलचे शेवटचे चार शॉट होते 10.5, 9.4, 9.9 आणि 10.0. त्यातला सर्वांत खालचा 9.4. हांगझोऊला एकच शॉट 7.6 गेला होता. दोन्ही फायनलमध्ये चुका झाल्या. पण एक चूक अर्ध्या-पाऊण गुणाची होती आणि दुसरी अडीच गुणांची.

म्हणजे चांगला शॉट अजून चांगला करणं हा सुधारणेचा एक मार्ग झाला. वाईट शॉट कमी वाईट करणं हा दुसरा. अडकलेल्या स्कोअरसाठी बहुतेक वेळा दुसरा मार्ग जवळचा असतो.

कागदावर हे कसं दिसतं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, वारजे माळवाडीत राहणारी अकरावीतली एक मुलगी 10 मीटर एअर पिस्तूल शिकते आहे. दोन वर्षं झाली, पण स्कोअर 546 च्या आसपासच आहे. दहा-दहा शॉट्सच्या सहा सिरीज अशा:

89, 93, 93, 92, 92, 87.

घरचे विचारतात, "किती आले?" ती सांगते, "पाचशे सेहेचाळीस." विषय संपतो. पण या आकड्यांत बरंच काही लपलेलं आहे.

600 पैकी 546, म्हणजे 54 गुण गेले. ते कसे गेले, ते मांडून पाहू:

- 19 शॉट दहा. काहीच गेलं नाही.
- 30 शॉट नऊ. 30 गुण गेले.
- 9 शॉट आठ. 18 गुण गेले.
- 2 शॉट सात. 6 गुण गेले.

आठ आणि सात मिळून फक्त 11 शॉट आहेत. पण गेलेल्या 54 गुणांपैकी 24 त्यांनीच घालवले. साठातल्या अकरा शॉट्सनी जवळपास निम्मं नुकसान केलं.

आता गंमत बघा. हे अकरा शॉट दहा झाले नाहीत, नुसते नऊ झाले, तरी 13 गुण वाढतात. स्कोअर थेट 559 वर जातो. एकही नवा दहा न मारता.

पुढचा प्रश्न, हे अकरा शॉट कधी गेले? समजा, त्यातले तीन पहिल्या सिरीजमध्ये आणि चार शेवटच्या सिरीजमध्ये गेले. म्हणजे मधल्या चाळीस शॉट्समध्ये असे फक्त चार. तिला पिस्तूल धरता येत नाही किंवा नेम लागत नाही, असं मुळीच नाही. तिला सुरुवात आणि शेवट जमत नाही. शिवाय हे शॉट बहुतेक करून खाली-डावीकडे जात असतील, तर अजून एक धागा हाती लागतो. तो पुढे बघू.

आता ही मुलगी रोज दोनशे पेलेट मारत राहिली, तर काय होईल? त्यातले बहुसंख्य शॉट मधल्या सिरीजसारखे असतील. शरीर गरम झालेलं, लय लागलेली. म्हणजे जे आधीच जमतंय, त्याचाच सराव. पहिल्या दहा शॉट्सचा सराव दिवसातून एकदाच होतो आणि तोही "वॉर्मअप" म्हणून सोडून दिला जातो.

आपण जे जमतं तेच का करत बसतो?

कारण त्यात मजा येते. दहा लागला की बरं वाटतं. नको असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा करून सात-आठ बघणं कुणालाच आवडत नाही. त्यात सोशल मीडियाची भर. स्टोरीवर टाकायला सर्वांत घट्ट ग्रुपचा फोटो निवडला जातो. विस्कटलेल्या टार्गेटचा फोटो गॅलरीतूनही डिलीट होतो. खरं तर शिकण्यासारखं त्याच टार्गेटवर असतं.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी 1993 मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. "दहा हजार तास सराव करा" हे वाक्य पुढे लोकप्रिय झालं, त्याचं मूळ या अभ्यासात शोधलं जातं. पण एरिक्सन यांचा भर तासांवर नव्हता. नेमकी उणीव हेरून, तिच्यासाठी बेतलेला, चूक लगेच दाखवून देणारा सराव, असा त्यांचा मुद्दा होता.

याला दुसरी बाजूही आहे. 2014 मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी साधारण 18 टक्के फरकाचं स्पष्टीकरण अशा सरावातून मिळतं, असं त्यांना दिसलं. बाकीच्यात शरीराची ठेवण, सुरुवातीचं वय, संधी असं बरंच काही येऊ शकतं. म्हणजे नेमका सराव केला की पदक नक्की, असं नाही. पण यातला सराव हाच भाग आपल्या हातात असतो.

"प्रेशर आलं" हे कारण पुरेसं का नाही?

अमेरिकेच्या मॅट एमन्सची गोष्ट नेमबाजीच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सच्या फायनलला शेवटचा शॉट बाकी होता आणि तो आघाडीवर होता. त्याने गोळी झाडली, पण शेजारच्या खेळाडूच्या टार्गेटवर. त्या शॉटला शून्य मिळालं आणि तो आठवा आला.

2008 मध्ये बीजिंगला पुन्हा तोच प्रकार, पुन्हा शेवटचा शॉट, पुन्हा आघाडी. सुवर्णासाठी 6.7 पुरेसा होता. शॉट गेला 4.4. एमन्स चौथा. 2012 मध्ये लंडनला तो दुसऱ्या क्रमांकावर होता. शेवटचा शॉट 7.6 गेला आणि रौप्याऐवजी ब्राँझ मिळालं.

तिन्ही वेळा शेवटचा शॉट. साहजिकच लोक म्हणाले, दडपण. पण पहिल्या दोन चुका नीट पाहिल्या तर त्या एकसारख्या नाहीत. अथेन्सला लेनचा नंबर तपासायचा राहिला. बीजिंगला रायफल वरून खाली आणत असतानाच बोट ट्रिगरला लागलं, असं त्याने नंतर सांगितलं. एक चूक शॉटच्या आधीच्या क्रमातली होती, दुसरी ट्रिगरवरच्या बोटाची.

दोन्हींचा इलाजही वेगळा. पहिलीसाठी प्रत्येक शॉटआधी नंबर बघण्याची सवय. दुसरीसाठी बोट ट्रिगरवर केव्हा जाणार, याचा पक्का नियम. "मन खंबीर कर" एवढंच सांगून दोन्हींपैकी एकही चूक सुधारत नाही.

नाशिकचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांनी भारताच्या अनेक नेमबाजांसोबत मनाच्या तयारीवर काम केलं. मनाची तयारी महत्त्वाची आहेच. पण दडपणाखाली नेमकी कोणती कडी तुटते, हे कळलं तरच ती तयारी उपयोगी पडते.

आपली उणीव शोधायची कशी?

त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. एक वही पुरते. दोन आठवडे तीन गोष्टी लिहायच्या.

1. शॉट कॉल करा. ट्रिगर दाबल्यावर मॉनिटरकडे बघण्याआधी शॉट कुठे गेला असेल ते मनात सांगा, उदाहरणार्थ, "नऊ, उजवीकडे". मग बघा. अंदाज बरोबर येत असेल, तर तुम्हाला चूक दिसते आहे. अंदाज वारंवार चुकत असेल, तर शॉट सुटताना तुमचं लक्ष साइटवर नाही किंवा शॉट सुटल्यावर तुम्ही घाईने पिस्तूल खाली घेताय. मग पहिलं काम तेच.

2. आठ आणि त्याखालचे शॉट नोंदवा. कितवा शॉट होता, कोणत्या दिशेला गेला, नेम धरून किती वेळ झाला होता. नऊ आणि दहा लिहू नका, वही लगेच भरेल.

3. ग्रुप घट्ट आहे का, ते बघा. सगळे शॉट एकमेकांजवळ आहेत, पण मध्यापासून लांब आहेत, तर आधी साइटची सेटिंग तपासा. शॉट विखुरलेले असतील, तर साइट फिरवून काही होणार नाही. तिथे तंत्र बघावं लागतं. पुष्कळ नवशिके नेमकं उलटं करतात. एक शॉट डावीकडे गेला की लगेच साइटचे दोन क्लिक फिरवतात.

दोन आठवड्यांनी ही वही प्रशिक्षकांना दाखवा. "माझा स्कोअर वाढत नाही" यापेक्षा "माझे दहापैकी सात खराब शॉट खाली-डावीकडे जातात आणि ते पन्नासाव्या शॉटनंतर जातात" हे वाक्य त्यांना कितीतरी जास्त सांगून जातं. मोठ्या अकादम्यांमध्ये स्कॅटसारखी उपकरणं असतात. शॉटआधी आणि शॉटनंतर नेम कसा फिरला, याची रेघ ती स्क्रीनवर दाखवतात. ती मिळाली तर उत्तमच.

नेहमीच्या पाच उणिवा आणि त्यांचा सराव

ट्रिगरला झटका

उजव्या हाताने पिस्तूल मारणाऱ्याचे शॉट खाली-डावीकडे जात असतील, तर पहिला संशय इथे. शॉट सुटायच्या क्षणी बोटासोबत सगळा पंजा आवळला जातो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे ड्राय फायर. पेलेट न भरता, पूर्ण क्रम पाळून ट्रिगर दाबायचा आणि साइट हलते का ते पाहायचं. धमाका नाही, स्कोअर नाही, त्यामुळे लक्ष फक्त बोटावर राहतं.

दुसरा सराव म्हणजे टार्गेटच्या जागी कोरा पांढरा कागद लावायचा. काळं वर्तुळच नसलं की डोळा आपोआप साइटवर येतो.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत आणि रायफलींत ड्राय फायरची सोय असते. साध्या स्प्रिंगच्या एअरगनमध्ये मात्र पेलेटशिवाय ट्रिगर ओढल्यास आतले भाग खराब होऊ शकतात. आणि पिस्तूल रिकामं आहे याची खात्री प्रत्येक वेळी, दोनदा करायची. प्रशिक्षकांच्या परवानगीशिवाय घरी हा प्रयोग नको.

नेम फार वेळ धरून ठेवणं

साइट टार्गेटवर स्थिर झाल्यावर पहिले काही सेकंद सर्वांत चांगले असतात. त्यानंतर हात थरथरतो, डोळा थकतो आणि "आता सुटू दे" म्हणून शॉट ढकलला जातो. सात-आठ बहुधा याच वेळी जातात.

इथे शॉट मारण्यापेक्षा शॉट सोडून देण्याचा सराव हवा. प्रशिक्षकांशी बोलून एक मर्यादा ठरवा, समजा आठ सेकंद. तोवर शॉट सुटला नाही तर पिस्तूल खाली, दोन श्वास, पुन्हा सुरुवात. वहीत किती शॉट कॅन्सल केले ते लिहा. सुरुवातीला हा आकडा वाढला तर चांगलंच आहे. वेळेचीही भीती नाही. 10 मीटरच्या स्पर्धेत 60 शॉट्ससाठी 75 मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट.

चुकीची उभं राहण्याची दिशा

शॉट सतत डावीकडे-उजवीकडे पसरत असतील, तर पायांकडे बघा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट मध्यापासून सरकली असेल, तर तुमचं शरीर नैसर्गिकपणे दुसरीकडेच बघतंय आणि तुम्ही हाताने जोर लावून त्याला मध्यावर आणताय. हात वळवून नव्हे, पाय थोडे सरकवून ही दिशा दुरुस्त करायची. प्रत्येक सिरीजआधी ही चाचणी करायला मिनिटभरही लागत नाही.

पहिली सिरीज

यावर उपाय म्हणजे पहिल्या सिरीजचा सराव जास्त वेळा करणं. दहा शॉट मोजून मारायचे. मग पिस्तूल ठेवायचं, रेंजबाहेर जाऊन पंधरा मिनिटं चालायचं आणि परत येऊन पुन्हा "पहिले" दहा शॉट. दोन तासांत अशा चार सुरुवाती होतात. पेलेट लागतात फक्त चाळीस, पण महिनाभरात जेवढ्या सुरुवाती होतात, तेवढ्यांना एरवी चार महिने लागतात.

शेवटची सिरीज

इथे आधी बघायचं, की थकवा शरीराचा आहे की मनाचा. खांदा आणि पाठ दुखत असेल, तर रेंजबाहेर व्यायाम हवा. शरीर ठीक असून हिशोब सुरू होत असेल, "आता चार दहा आले तर साडेपाचशे", तर त्याचा वेगळा सराव. सरावाच्या अगदी शेवटी, दमलेलं असताना, फायनलसारखे दहा शॉट. प्रत्येक शॉटला 50 सेकंद, कुणीतरी मोठ्याने वेळ सांगणार, बाकीचे मागे उभे राहून बघणार. लाज वाटेल, हात थरथरेल. स्पर्धेत तेच होणार असतं, इथे त्याची सवय होते.

आठवडा कसा आखायचा?

सगळ्या उणिवांवर एकदम हल्ला केला, तर काहीच सुधारत नाही. एका वेळी एकच निवडा. सर्वाधिक गुण घालवणारी. तिच्यावर तीन ते चार आठवडे.

आठवड्यातून चार दिवस रेंजवर जाणाऱ्यासाठी साधारण आखणी अशी असू शकते:

- दोन दिवस उणिवेचे. सुरुवातीचा ताजा वेळ निवडलेल्या उणिवेला. स्कोअर लिहायचा नाही. किती शॉट कॅन्सल केले, किती कॉल बरोबर आले, एवढंच लिहायचं.
- एक दिवस नेहमीचा. जे चांगलं जमतं, तेही टिकवावं लागतं. शिवाय मनाला थोडा आनंद हवा.
- एक दिवस सामन्याचा. पूर्ण 60 शॉट, पूर्ण नियम, पूर्ण वेळ. यातूनच कळतं, की बदल खरोखर झाला का.

एक इशारा. पहिल्या दोन आठवड्यांत स्कोअर खाली येऊ शकतो. जुनी सवय मोडताना असं होतं. या टप्प्यावर घाबरून जुन्या पद्धतीवर परत जाणारे बरेच असतात. म्हणूनच उणिवेच्या दिवशी स्कोअर लिहायचा नाही.

उणिवांवर काम कधी करू नये?

स्पर्धेच्या तोंडावर. शेवटच्या काही दिवसांत नवीन पकड, नवीन स्टान्स, नवीन क्रम नको. जे आहे, ते घेऊन जायचं.

चूक वस्तूची असेल तेव्हा. पिस्तुलाची ग्रिप पंजापेक्षा मोठी, जॅकेट सैल, चष्म्याचा नंबर बदललेला. अशा वेळी तंत्रावर महिने घालवून उपयोग नाही. आधी या गोष्टी तपासून घ्या.

दुखत असेल तेव्हा. खांदा, कंबर किंवा मनगट दुखत असताना "अजून दहा शॉट" म्हणजे दुखापतीला आमंत्रण. आधी डॉक्टर.

अगदी नव्याने शिकताना. पहिल्या काही महिन्यांत सगळ्याच उणिवा असतात. तेव्हा पाया पक्का करणं हेच काम. वही आणि विश्लेषण त्यानंतर.

पालकांनी काय करायचं?

या खेळात पैसा लागतो. पेलेट, फी, जॅकेट, शस्त्राची देखभाल आणि वारज्याहून बालेवाडीला रोज जायचं-यायचं म्हटलं तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ. त्यातच दहावी-अकरावीचा अभ्यास. वर्षभर स्कोअर हलला नाही, की घरात कुजबुज सुरू होते, "सोडून दे आता". चांगली मुलं अशीच खेळातून बाहेर पडतात. त्यातल्या कितीतरी जणांचं घोडं दहा-पंधरा खराब शॉट्सवरच अडलेलं असतं.

म्हणून घरी आल्यावर "किती आले?" विचारण्याऐवजी "आज कुठे जात होते?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक आकडा असतो आणि तो कमी असेल तर मूल गप्प होतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्याला विचार करावा लागतो. "खाली जात होते, मी घाई करत होते" हे उत्तर आलं, तर सराव योग्य दिशेने चालला आहे असं समजा, मग स्कोअर काहीही असो.

थोडक्यात

- गेलेले गुण मोजा. आठ आणि त्याखालचे शॉट किती, कधी आणि कोणत्या दिशेला गेले, ते दोन आठवडे लिहा.
- "दडपण" किंवा "बॅड डे" यावर थांबू नका. नेमकी कोणती कृती बिघडली, ते शोधा.
- सर्वाधिक गुण घालवणारी एकच उणीव निवडा आणि तीन-चार आठवडे तिच्यावरच काम करा.
- आठवड्यातून एकदा पूर्ण सामना खेळून फरक तपासा.
- सुरक्षेचे नियम आणि प्रशिक्षकांचा सल्ला सगळ्यात आधी.

पुढच्या वेळी रेंजवरून निघताना सर्वांत चांगल्या टार्गेटचा फोटो खुशाल स्टोरीवर टाका. सर्वांत वाईट टार्गेट मात्र वहीत लावून ठेवा. उद्याचा सराव तिथूनच सुरू करायचा आहे.